आमच्या वर्ध्याचा बिनबर्फाचा मेळा

बालमित्रांनो, तुम्ही बर्फ कुठे पाहिलाय? "फ्रीजमध्ये!" असं निम्मे जण म्हणतील. उरलेले म्हणतील, "गोळ्याच्या गाडीवर!" माझ्या वर्गानंही अगदी हीच दोन उत्तरं दिली होती. मी वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या एका छोट्या गावात चौथीचा वर्ग शिकवते. वर्गाचा पट २६. त्यातल्या एकानंही आकाशातून पडणारा, कापसासारखा भुरभुरणारा बर्फ पाहिलेला नाही. खरं सांगू? त्यांच्या बाईंनीही नाही!

गोष्ट सुरू झाली ती वर्तमानपत्रातल्या एका रंगीत चित्रापासून. शेवटच्या बाकावरच्या एका मुलानं डबा बांधून आणलेला कागद उलगडला, तर त्यावर पांढराशुभ्र राजवाडा! खांब, जिने, कमानी, सगळं बर्फाचं. मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग त्या तेलकट कागदाभोवती गोळा झाला. ते चित्र होतं जपानमधल्या सापोरो शहराच्या बर्फमहोत्सवाचं.

मग काय, त्या दिवशीचा भूगोलाचा तास सापोरोला गेला. मी मुलांना सांगितलं, "हा उत्सव कोणी सुरू केला माहीत आहे? तुमच्यासारख्याच शाळेतल्या मुलांनी! १९५० साली तिथल्या विद्यार्थ्यांनी ओदोरी नावाच्या बागेत बर्फाचे सहा पुतळे केले. लोकांना ते इतके आवडले, की दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथे पुतळे होऊ लागले. १९७२ साली याच शहरात हिवाळी ऑलिम्पिक झालं आणि उत्सवाचं नाव जगभर पोचलं. आता लाखो लोक तो पाहायला जातात. बोटं गारठली, की गरम रस्स्यातल्या शेवया, निखाऱ्यावर भाजलेली मक्याची कणसं आणि लोण्याचा गोळा घातलेला उकडलेला बटाटा खातात."

"मॅडम, आपल्याकडं काहून नाही पडत बर्फ?" पहिल्या बाकावरून प्रश्न आला.

प्रश्न चांगला होता. मी नकाशा लावला. सापोरो विषुववृत्तापासून बरंच उत्तरेला, ४३ अंश अक्षांशावर. हिवाळ्यात सायबेरियातून अतिथंड वारे निघतात. वाटेत ते जपानच्या समुद्रावरून येतात, तिथली वाफ उचलतात आणि डोंगरांना अडले, की ती सारी हिमाच्या रूपात खाली टाकतात. आपलं वर्धा २१ अंशांच्या जरा खाली. समुद्र दूर, उंच पर्वत नाहीत, हिवाळ्यातली हवा कोरडी. पहाटे हुडहुडी भरते खरी, पण पारा शून्याजवळ जात नाही. उन्हाळ्यात मात्र तो ४५ अंशांच्या वर चढतो. मग बर्फ पडणार कुठून?

मुलांना कारण पटलं. पण चित्र आणणारा तो मुलगा कागदाची घडी करत पुटपुटला, "म्हंजे आपल्याकडं हिवाळ्यात पाहासारखं काहीच नाही."

मुलांनो, हे वाक्य मला लागलं. कारण लहानपणी मीही हेच म्हणत असे. दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची भावंडं आली, की मला आमची भाकर, आमचा धुरकट चुलीचा वास, आमचं धुळीचं गाव, सगळ्याचीच लाज वाटायची. त्याच संध्याकाळी मी ठरवलं, यंदा १२ फेब्रुवारीला वर्गाची सहल पवनारला न्यायची.

१२ फेब्रुवारीच का? सांगते. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधी गेले. त्यांच्या अस्थी देशभरातल्या नद्यांमध्ये विसर्जित झाल्या. त्यातल्या काही १२ फेब्रुवारी १९४८ रोजी पवनारला धाम नदीत सोडल्या. तेव्हापासून या तारखेला इथे सर्वोदय मेळा भरतो. जत्रेत आपण नारळ नेतो, फुलं नेतो. इथे लोक काय आणतात माहीत आहे? स्वतःच्या हातानं कातलेलं सूत! त्याला म्हणतात सूतांजली.

"आपणही नेऊ या!" पोरं ओरडली. मी फळ्यावर हिशेब मांडला. जुन्या मापानं एका गुंडीत ६४० तार. एक तार म्हणजे ४ फूट. मग एका गुंडीत किती फूट? ६४० गुणिले ४, म्हणजे २५६० फूट! पाऊण किलोमीटरहून थोडं जास्तच. आमच्या शाळेपासून बसथांब्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढा लांब धागा.

पेळू आणि टकळ्या मिळवल्या. पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची मऊ वळकटी, आणि टकळी म्हणजे खाली चकती असलेली बारीक काडी. एका हातानं गरगर फिरवायची आणि दुसऱ्या हातानं पेळूतून धागा ओढायचा. वाचायला सोपं आहे ना? करून पाहा! पहिले आठ दिवस वर्गात फक्त "तुटला! तुटला!" एवढाच आवाज होता. ज्यांच्या घरी गाडीभर कापूस पिकतो, त्या मुलांना एक हात सूत निघेना. पण जानेवारी संपता संपता धागे लांबू लागले. आदल्या दिवशी आम्ही सगळे तार मोजले. भरले ६१२. म्हणजे २८ कमी!

"आता?" मुलांचे चेहरे पडले. मी म्हटलं, "जेवढं आहे तेवढं नेऊ. टकळ्याही सोबत घ्या."

सकाळच्या एस.टी.नं आम्ही निघालो. २६ मुलं, दोघींच्या आया आणि मी. खिडकीतून बोचरा वारा येत होता. सगळ्यांची नाकं लाल आणि कान मफलरीत. रस्त्याच्या कडेला एका जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या लागल्या होत्या. एवढ्या उंच, की वर चढलेला माणूस बाहुलीएवढा दिसत होता. सकाळच्या उन्हात ते पांढरे ढीग चमकत होते. "मॅडम, बर्फ!" कोणीतरी ओरडलं आणि सगळी बस हसली. कंडक्टरकाकासुद्धा!

जिनिंगमध्ये काय होतं, ते माहीत आहे का? तिथे कापसातून सरकी, म्हणजे बी, वेगळी काढतात. उरते ती रुई. रुईच्या दाबून गाठी बांधतात आणि त्या सूतगिरण्यांकडे जातात. तुमच्या अंगातला सदरा कदाचित आमच्या शेजारच्या शेतातून निघाला असेल!

वर्ध्याच्या अलीकडे आठ-नऊ किलोमीटरवर पवनार लागतं. धाम नदीचं पात्र मोठं देखणं आहे. काळे, गुळगुळीत, हत्तीच्या पाठीसारखे खडक आणि त्यांच्यामधून वळसे घेत जाणारं पाणी. पात्रात गांधीजींच्या स्मरणार्थ एक छत्री उभी आहे. काठावर उंचावर विनोबा भाव्यांचा आश्रम. १९३८ साली विनोबा इथे राहायला आले. आजारानं त्यांची तब्येत अगदी खालावली होती. इथे ते कुदळ घेऊन जमीन खणू लागले आणि प्रकृती सुधारली. खणताना जुनी शिल्पंही सापडली. त्यातलं राम आणि भरत यांच्या भेटीचं शिल्प आजही आश्रमात पाहता येतं. दीड हजार वर्षांपूर्वी विदर्भावर वाकाटक राजांचं राज्य होतं. त्यांची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, असं अनेक अभ्यासक मानतात. १९५९ साली विनोबांनी इथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं. इथल्या भगिनी शेती, स्वयंपाक, साफसफाई सारं स्वतः करतात.

मेळ्यात पाळणे नव्हते, भोंगे नव्हते. एवढी माणसं, पण गोंगाट नाही. कोणी खडकावर बसून सूत काततंय, कोणी भजन म्हणतंय. आमची मुलंही आपोआप हळू बोलायला लागली. अर्धवट गुंडी द्यायची कशी, म्हणून आम्ही घुटमळत होतो. तेवढ्यात खादीचं लुगडं नेसलेल्या एका आजींनी विचारलं, "काय झालं रे पोरांनो?"

"आजी, अठ्ठावीस तार कमी आहेत."

"मग बसा ना! ऊन अजून वर यायचंय."

त्या स्वतः खडकावर टेकल्या. सहा मुलांनी टकळ्या काढल्या. त्यात आमचा तो चित्रवाला मुलगाही होता. त्याचा धागा सारखा तुटायचा. आजींनी त्याचा हात धरला आणि म्हणाल्या, "ओढू नको बाळा, त्याला येऊ दे." मग तुटलेला धागा पेळूला कसा सांधायचा तेही दाखवलं. अर्ध्या-पाऊण तासात २८ तार झाले! शेवटचा तार त्या मुलाचाच होता. थोडा जाडाभरडा, मध्येच गाठ आलेला. गुंडी वाहताना तो मुद्दाम पुढे उभा राहिला.

मग नदीच्या खडकांवर डबे उघडले. ज्वारीची भाकर, झुणका, लसणाची चटणी, मेथीची भाजी. सगळ्यांचं सगळ्यांत! नदीकाठी, उन्हात बसून खाल्लेल्या भाकरीची चव घरी का लागत नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

दुपारी आम्ही वर्ध्याला गोपुरीत गेलो. तिथलं गीताई मंदिर पाहून मुलं चक्रावली. "मॅडम, छप्पर कुठंय?" छप्पर नाहीच! मूर्तीही नाही. वर आकाश आणि खाली ओळीनं उभ्या दगडी शिळा. त्या शिळांवर विनोबांनी मराठीत केलेली 'गीताई' कोरलेली आहे. ७ ऑक्टोबर १९८० रोजी हे मंदिर खुलं झालं. जवळच जमनालाल बजाज यांची समाधी आहे. वर्धा हे स्वातंत्र्यलढ्याचं केंद्र बनलं, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. शेवटच्या दिवसांत गाईंची सेवा करायची म्हणून ते इथेच झोपडीत राहिले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते वारले.

आणि शेजारी पाहतो तर काय, निळ्या आभाळाखाली भला मोठा पांढराशुभ्र घुमट!

"हा तर सापोरोचा पुतळा!" आमच्या चित्रवाल्यानं डोळे विस्फारले.

मुलांनो, तो अगदीच चुकला नव्हता बरं का! हा आहे विश्वशांती स्तूप. चार दिशांना बुद्धांच्या चार सोनेरी मूर्ती आहेत. तो उभा राहिला एका जपानी भिक्षूंच्या इच्छेतून. त्यांचं नाव निचिदात्सु फुजी. ऑक्टोबर १९३३ मध्ये ते वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. गांधीजी त्यांना 'गुरुजी' म्हणत. त्यांच्या परंपरेतला एक जपानी मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत आजही म्हटला जातो. फुजी गुरुजी १९८५ मध्ये वारले आणि १९९३ मध्ये हा स्तूप पूर्ण झाला. म्हणजे जपान आमच्यापासून वाटलं होतं तेवढं लांब नव्हतं. एस.टी.च्या तिकिटाएवढ्या अंतरावर होतं!

परतताना वर्ध्यात गोरसपाक घेतला. गोरस म्हणजे गाईचं दूध. गाईच्या तुपातला हा खुसखुशीत गोड पदार्थ वर्ध्याची खास ओळख आहे. वर्ध्याहून निघालेल्या पाहुण्याच्या पिशवीत तो असतोच. एक पुडा २६ जणांत वाटला. तोंडात ठेवला, की विरघळतो. बर्फासारखाच म्हणा ना!

पण स्तूपापाशी असतानाच माझं लक्ष पश्चिमेकडे गेलं होतं. आभाळ काळवंडत होतं. थंडीच्या दिवसांत ढग? आमच्या भागात असे ढग दिसले, की मोठी माणसं बोलायची थांबतात.

संध्याकाळी गावात उतरलो तेव्हा चित्रवाल्या मुलाचे आजोबा थांब्यावर उभे होते. त्यांनी सगळ्या वर्गाला शेतात जेवायला बोलावलं होतं. "या जी मॅडम, चाला. रोडगे लावले हायेत." तोंडानं स्वागत चाललं होतं, पण डोळे वरच.

शेतात गोवऱ्यांचा मोठा आर पेटला होता. रोडगे कसे करतात, सांगू? जाडसर कणकेच्या लहान लहान पाऱ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, त्यांचा गोळा करायचा आणि गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजायचा. वरून राखेनं माखलेला, पण फोडला की आतून पापुद्रे आणि गरम वाफ! त्यावर तूप आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी. एकेका पोरानं डोळ्यांतून पाणी काढत तीन-तीन वेळा भाजी घेतली.

आणि मग हुरडा! आजोबांनी बांधाच्या कडेला ज्वारीचा एक लहानसा तुकडा ठेवला होता, तोही उशिरा पेरलेला. कोवळी, दुधाळ कणसं आरात भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची आणि फुंकर मारून भूस उडवायचं. हिरवे-हिरवे दाणे, सोबत तिळाची चटणी, गूळ आणि रानातली बोरं. माझ्या लहानपणी जिकडे तिकडे ज्वारी असायची. आता शेतं कपाशीनं, सोयाबीननं आणि तुरीनं भरली. ज्वारी राखायला फार कष्ट पडतात. दिवसा पाखरं आणि रात्री बोरच्या जंगलाकडून येणारी रानडुकरं. "मंग तुम्ही काहून पेरता, आजोबा?" एका मुलीनं विचारलं. आजोबा हसले. "तुम्ही पोट्टे हुरडा खाल कुठी मंग?"

तेवढ्यात आमचा चित्रवाला आजोबांना म्हणाला, "आबा, आपल्याकडं बर्फ पडला असता तर किती मजा आली असती!"

आजोबा गप्प झाले. कणीस आरातून बाहेर काढत म्हणाले, "पडते ना बापा. आपल्याकडंही पडते. पण पडू नये तेच बरं."

ते बोलत होते गारांबद्दल. फेब्रुवारी-मार्चमध्ये खालची हवा तापायला लागते आणि वर फार थंड असते. गरम, दमट हवा जोरानं वर उसळते. तिच्यातले पाण्याचे थेंब वर गोठतात आणि ढगात वर-खाली होताना त्यांवर बर्फाचे थरावर थर चढतात. गार जड झाली, की दाणकन खाली! २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात अशीच मोठी गारपीट झाली होती. त्या साली आजोबांचा घाटे धरलेला हरभरा पाव तासात जमिनीला मिळाला. ओंब्यांवर आलेला गहू झोपला. "सकाळी पायतो तं वावर पांढरं. तुह्या चित्रासारखंच दिसत व्हतं," आजोबा नातवाला म्हणाले. "पण मले पाहावलं नाही."

कोणी काही बोललं नाही. आराजवळ बसलेली सगळी पोरं एकदम आभाळाकडे पाहू लागली. समोर आजोबांचा हरभरा उभा होता, घाट्यांनी लदबदलेला. चार थेंब पडले. एक माझ्या हातावर, एक आरात चर्रकन. कोणीतरी हळूच मोजायला लागलं. मग वारा फिरला. थोड्या वेळानं पूर्वेकडे एक चांदणी दिसली, मग दुसरी. आजोबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "चाला, अजून कणसं टाका रे!"

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही सहलीची चित्रं काढली. कोणी स्तूप काढला, कोणी धामचे खडक, कोणी एस.टी. चित्रवाल्या मुलानं काय काढलं असेल? आजोबांचं वावर! आभाळ काळं, त्यात एकच चांदणी, खाली हरभरा आणि आराभोवती बसलेली २६ मुलं. त्यानं सगळी मोजून काढली होती. सापोरोचा तो तेलकट कागदही त्यानं जपून ठेवलाय. मोठा झाला की जपानला जाणार म्हणतो. जावंच त्यानं! तिथल्या मुलांना तो हुरड्याची गोष्ट सांगेल, याची मला खात्री आहे.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या गावात थंडीच्या दिवसांत काय पिकतं, काय शिजतं, कोणता मेळा भरतो? आजी-आजोबांना विचारा. पूर्वी होता आणि आता नाही, असा एखादा पदार्थ ते नक्की सांगतील. जमलं तर आईबाबांच्या मदतीनं एकदा करून पाहा. आणि आभाळात अवकाळी ढग दिसले, तर ज्याच्या शेतात पीक उभं आहे, त्याची आठवण ठेवा.

आमच्याकडे यायचं असेल तर नागपूरहून वर्धा साधारण ७५ किलोमीटर. रेल्वे आहे, एस.टी. आहे. पवनार, गोपुरी आणि सेवाग्राम एका दिवसात आरामात होतं. पहाटेसाठी स्वेटर आणा, दुपारसाठी टोपी आणा. टकळी आणलीत तर उत्तमच! बर्फ मात्र आम्ही देऊ शकणार नाही. हुरडा देऊ, रोडगे देऊ, गोरसपाक देऊ.

मग, कधी येताय आमच्या वर्ध्याला?